अक्षर फाइलमध्ये की फॉन्टमध्ये? एका वाचनालयाच्या पाच संगणकांचं प्रकरण

१४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला. आमच्या तालुक्याच्या गावातल्या सार्वजनिक वाचनालयात पाच संगणक आहेत आणि पाचही जुने. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते, ती यांतल्या एकातही नव्हती. नवे संगणक घ्यायला पैसे नव्हते आणि जुने फेकायला मन होत नव्हतं. मी या वाचनालयाच्या बालविभागात वाढलो, आता पुण्यात संगणकाचंच काम करतो. दिवाळीला गावी गेलो तेव्हा कार्यकारी मंडळाने विचारलं आणि मी लिनक्स मिंट ही जुन्या संगणकांवरही चालणारी मोफत प्रणाली सुचवली. दोन दिवसांत चार संगणकांवर ती बसवली. ब्राउझर चालला, प्रिंटर ओळखला गेला, वर्ड-एक्सेलचं काम करणारं लिबरऑफिस उघडलं. पाचवा संगणक पुढच्या खेपेला करू म्हणून तसाच ठेवला. हा आळस पुढे फार उपयोगी पडला.

पुण्याला परतल्यावर तिसऱ्या दिवशी ग्रंथपाल काकूंचा फोन आला. "अरे, तुझं ते मिंट छान आहे, पण माझी पुस्तकांची यादी गेली. सगळं इंग्रजी झालंय, तेही अर्थ नसलेलं. स्मरणिका उघडतेय, पण ती माझी स्मरणिका नाही. आणि कार्यालयात पाठवलेला फॉर्म परत आलाय, म्हणे बिघडलाय."

तीन तक्रारी, आणि काकूंच्या मते तिन्हींचं कारण एकच: "फॉन्ट नाहीत." मलाही तसंच वाटलं. फोनवरच म्हणालो की शनिवारी येतो, फॉन्ट टाकतो, तासाभराचं काम आहे. ते काम पुढचे चार शनिवार-रविवार चाललं, कारण या तीन फाइलींची दुखणी तीन निराळी होती. नेटवर बहुतेकदा एकच औषध सांगितलेलं असतं: विंडोजचे फॉन्ट आणून टाका. आमच्याकडे ते औषध एका दुखण्याला लागू नव्हतं, दुसऱ्याला गरजेचं नव्हतं आणि तिसऱ्याला घेण्यासारखं नव्हतं. म्हणून हे सविस्तर लिहितो आहे. मराठी कागदपत्रं घेऊन लिनक्सकडे वळणाऱ्या प्रत्येक संस्थेच्या वाटेत या तीन फाइली आहेत.

आधी सोपी गोष्ट. वाचनालयाचं इंग्रजी लेटरहेड, बँकेची पत्रं आणि हिशेबाचे तक्ते टाइम्स न्यू रोमन, एरिअल आणि कॅलिब्रीत होते. त्यांची पानं बऱ्यापैकी जागेवर होती, फक्त कॅलिब्रीतल्या पत्रांच्या ओळी पुढेमागे झाल्या होत्या. हा प्रश्न कधीच सुटलेला आहे. रेड हॅट कंपनीने २००७ मध्ये लिबरेशन नावाचं फॉन्टकुटुंब मोकळं केलं. त्यातला सान्स एरिअलच्या मापाचा, सेरिफ टाइम्स न्यू रोमनच्या मापाचा आणि मोनो कुरिअर न्यूच्या मापाचा आहे. मापाचा म्हणजे प्रत्येक अक्षर ओळीत जितकी रुंदी घेतं तितकीच रुंदी जुळ्या फॉन्टातलं अक्षर घेतं. अक्षराचा चेहरा वेगळा असतो, पण ओळ तिथेच तुटते आणि पान तिथेच संपतं. कॅलिब्री आणि कँब्रियासाठी गूगलने २०१३ मध्ये कार्लिटो आणि कॅलाडिया आणले. लिबरेशन आधीच बसलेला होता. कार्लिटो आणि कॅलाडिया सॉफ्टवेअर मॅनेजरमधून टाकले आणि पत्रं सरळ झाली. फाइलीत कॅलिब्रीचं नाव तसंच राहतं. फॉन्टकॉन्फिग ही लिनक्सची फॉन्ट शोधून देणारी यंत्रणा आपल्या जोड्यांची यादी पाहून पडद्यावर कार्लिटो दाखवते, एवढंच.

इथे एक चूक मी केली. घाईत मायक्रोसॉफ्टचे कोअर फॉन्टही बसवले. १९९६ मध्ये वेबसाठी मोफत दिलेला आणि २००२ मध्ये बंद झालेला हा संच आहे. त्याच्या परवान्यानुसार मूळ गठ्ठा जसाच्या तसा वाटता येतो, म्हणून उबुंटू आणि मिंटमध्ये त्याचं पॅकेज म्हणजे निव्वळ उतरवून घेणारा हस्तक आहे. खरे फॉन्ट तो बसवताना नेटवरून आणतो. टर्मिनलमध्ये निळ्या पडद्यावर परवाना उभा राहतो आणि तिथे माउस चालत नाही, टॅब दाबून ओकेवर जावं लागतं. ते सगळं केलं आणि हिशेबाच्या तक्त्यात रुपयाचं चिन्ह विजोड दिसू लागलं. ₹ हे चिन्ह भारत सरकारने जुलै २०१० मध्ये स्वीकारलं. २००२ मध्ये थांबलेल्या टाइम्समध्ये ते असणार कसं? यंत्रणा ते दुसऱ्याच फॉन्टातून उचलून आणत होती. लिबरेशनमध्ये ते आहे. मी कोअर फॉन्ट काढून टाकले आणि तक्ता नीट झाला. अस्सल म्हणून जुनं आणण्यापेक्षा चालतं असलेलं जुळं बरं, हे माझं मत तिथे पक्कं झालं.

आता यादी. वाचनालयाची सुमारे नऊ हजार पुस्तकांची यादी एका एक्सेल फाइलीत होती. दाखल क्रमांक, लेखक, शीर्षक, प्रकाशक, किंमत. काकूंनी ती गेल्या पंधरा वर्षांत स्वतः टाइप केली होती, कृतिदेव या फॉन्टात. त्या मराठी टायपिंगची परीक्षा टाइपरायटरवर पास झालेल्या. रेमिंग्टनच्या कळा त्यांच्या बोटांत बसल्या होत्या आणि कृतिदेव त्याच कळांवर चालतो. लिनक्सवर फाइल उघडली की प्रत्येक कप्प्यात इंग्रजी अक्षरांची भेळ दिसत होती.

माझा पहिला विचार हाच की कृतिदेव इथेही टाकावा. त्याने दिसलंही असतं. फॉन्टची टीटीएफ फाइल फॉन्टच्या फोल्डरात टाकली की लिनक्स ती वापरतं. पण त्या दुपारी काकूंना मी एक प्रयोग करून दाखवला, आणि त्यानंतर आम्ही दोघांनी तो विचार सोडला. विंडोजवर राहिलेल्या पाचव्या संगणकावर त्यांना कृतिदेवमध्ये "मराठी" टाइप करायला सांगितलं. पडद्यावर मराठी उमटलं. मग तोच कप्पा निवडून फॉन्ट एरिअल केला. समोर आलं इंग्रजी ई, जे, के, कॅपिटल बी आणि एच.

"म्हणजे फाइलीत मराठी नव्हतंच?" काकूंनी विचारलं.

नव्हतंच. फाइलीत इंग्रजी कळांचे क्रमांक होते. ई या अक्षराच्या जागी म चं चित्र काढलेला फॉन्ट समोर होता, म्हणून आपल्याला म दिसत होता. युनिकोड, म्हणजे प्रत्येक लिपीतल्या प्रत्येक अक्षराला स्वतःचा ठरलेला क्रमांक देणारी पद्धत, रुळण्याआधी मराठीत संगणकावर जे काही झालं ते बहुतेक असंच झालं. श्रीलिपी, आयएसएम, शिवाजी, कृतिदेव, प्रत्येकाची चित्रांची जागा आपापली. त्या काळी दुसरा मार्ग नव्हता आणि याच फॉन्टांवर आपली वर्तमानपत्रं आणि पुस्तकं छापून निघाली, हे विसरून चालणार नाही. पण अशा फाइलीत अक्षर फॉन्टमध्ये राहतं, फाइलीत नाही. फॉन्ट गेला की मजकूरच गेला. काकूंना पंधरा वर्षं या यादीत लेखकाच्या नावाने नीट शोधता का येत नव्हतं आणि अकारविल्हे लावलं की क्रम विचित्र का यायचा, याचा उलगडा त्यांना त्या दिवशी झाला. संगणक इंग्रजी कळांचा क्रम लावत होता. त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. मग म्हणाल्या, "मग हे मराठीत आणू या."

म्हणजे रूपांतर. कृतिदेवमधून युनिकोडमध्ये नेणारे परिवर्तक नेटवर भरपूर आहेत. पण यादी त्यांच्यात ओतण्याआधी दोन गोष्टी सांभाळायच्या असतात आणि पहिली बहुतेकांकडून निसटते. आमच्या यादीत इंग्रजी पुस्तकंही होती. त्यांचे कप्पे साध्या इंग्रजी फॉन्टात होते. परिवर्तकाच्या दृष्टीने ई म्हणजे म, मग ती कृतिदेवची असो की इंग्रजी शीर्षकातली. दोन्हींमधला फरक फक्त कप्प्याच्या फॉन्टच्या नावात असतो. आणि लोक सर्वात आधी काय करतात? फाइल सीएसव्ही म्हणून जतन करतात, म्हणजे मजकूर सुटा होतो. त्या क्षणी फॉन्टची नावं पुसली जातात आणि कोणती इंग्रजी अक्षरं खरी इंग्रजी होती, हे कायमचं हरवतं. म्हणून मूळ फाइलीची प्रत बाजूला ठेवली, ती नव्या एक्सेल प्रकारात जतन केली आणि पायथनमध्ये एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. ती प्रत्येक कप्प्याचा फॉन्ट पाहते आणि कृतिदेव असेल तरच मजकूर बदलते. एकाच कप्प्यात दोन फॉन्ट असतील तर तो कप्पा पिवळा करून सोडून देते.

दुसरी गोष्ट क्रमाची. टाइपरायटरवर आपण दिसेल तसं टाइप करतो. "कविता" लिहिताना पहिली वेलांटी व च्या आधी पडते. युनिकोडमध्ये ती उच्चाराच्या क्रमाने व च्या नंतर साठवली जाते आणि चित्र काढताना डावीकडे नेली जाते. "कार्य" मधला रफार टाइपरायटरवर य नंतर येतो, युनिकोडमध्ये र् आधी. शिवाय कृतिदेवमध्ये ख म्हणजे अर्धा ख आणि त्याला जोडलेला काना. म्हणजे काना कुठे खराखुरा काना आहे आणि कुठे नुसता अक्षराचा दंड, हे ठरवावं लागतं. चांगले परिवर्तक हे करतात. पण जोडाक्षरावरची वेलांटी आणि रफार एकत्र आले की चुकतात. "वार्षिक", "आर्थिक", "मार्मिक" असे शब्द आम्ही मुद्दाम शोधून तपासले.

मग आलं खास मराठीचं. "दर्या" म्हणजे समुद्र आणि "दऱ्या" म्हणजे डोंगरातल्या. "आचार्यांना" आणि "आचाऱ्यांना" यांत तर एक माणूस गुरू आहे आणि दुसरा स्वयंपाकी. तो आडवा र युनिकोडमध्ये ऱ या स्वतंत्र अक्षराला हलन्त लावून साधतात. हिंदी डोळ्यासमोर ठेवून केलेले परिवर्तक इथे हमखास रफार करून टाकतात. आमच्याकडे "वाऱ्या", "सुऱ्या", "पायऱ्या" अशी शीर्षकं हाताने दुरुस्त झाली. त्याहून चिवट ठरला ॲ. मराठीतला हा ॲ युनिकोडमध्ये २००८ साली, ५.१ या आवृत्तीत आला. त्याआधी लोक हिंदीतला ऍ वापरत किंवा अ वर अर्धचंद्र ठेवून अॅ करत. तिन्ही डोळ्यांना जवळपास सारखे, पण संगणकाला तीन वेगळे शब्द. "ॲटलस" शोधला तर "अॅटलस" सापडत नाही. सगळ्या यादीत शोधा-बदला चालवून एकच रूप ठेवलं.

पाचवा संगणक इथे कामी आला. इंटरनेटची वायर काढून तो विंडोज आणि कृतिदेवसह वाचन-टेबलावर ठेवला आणि शेजारी मिंटचा. डावीकडे जुनी यादी, उजवीकडे नवी. काकू वाचत, मी दुरुस्त करत असे. जिथे दोघांनाही शंका तिथे दाखल नोंदवही काढायची. शाईने लिहिलेल्या त्या नोंदवहीने एकदाही दगा दिला नाही.

टायपिंगचं काय, ही काकूंची खरी काळजी होती. या वयात नव्या कळा शिकायच्या का? शिकाव्या लागल्या नाहीत. लिनक्सच्या आयबस या लेखन-व्यवस्थेला एम१७एन नावाचा संच जोडला की रेमिंग्टनची मांडणी मिळते. त्याच कळा, पण फाइलीत खरी मराठी. एक-दोन जोडाक्षरांच्या जागा वेगळ्या निघाल्या. काकूंनी त्या कागदावर लिहून पडद्याच्या कडेला चिकटवल्या.

आता स्मरणिका. हे सर्वात फसवं प्रकरण, कारण इथे अक्षरं शाबूत होती. वाचनालयाच्या जानेवारीतल्या कार्यक्रमाची ही ४८ पानांची पुस्तिका. वर्डमध्ये केलेली, युनिकोडमध्ये, मंगल फॉन्टात. मराठी फाइलीतच होती, त्यामुळे ती लिनक्सवर उघडली आणि वाचताही आली. पण काकूंच्या संगणकावर ती ४५ पानांची झाली होती, वाचनकक्षातल्या संगणकावर ४७ आणि कोषाध्यक्षांच्या घरच्या विंडोज लॅपटॉपवर ४८. कार्यवाह म्हणाले, "पानं कमी झाली तर बरंच की, कागद वाचेल." मग त्यांच्या लक्षात आलं की संस्थापकांच्या फोटोखाली एका किराणा दुकानाच्या जाहिरातीची ओळ गेली आहे. अनुक्रमणिका हाताने लिहिलेली, तीही सगळी चुकली. आणि छपाईचा हिशेब सोळा पानी फॉर्मवर चालतो. ४८ म्हणजे बरोबर तीन फॉर्म. ४५ पानं केली तरी पैसे तीन फॉर्मचेच, वर तीन पानं कोरी.

मंगल हा प्रा. र. कृ. जोशी यांनी मायक्रोसॉफ्टसाठी केलेला फॉन्ट. सुलेखनात आणि देवनागरीच्या मुद्राक्षरांच्या अभ्यासात ज्यांचं नाव आदराने घेतलं जातं ते हे जोशी सर. विंडोजवर मराठी युनिकोड म्हणजे मंगल असं समीकरण वर्षानुवर्षं होतं, अजूनही कितीतरी कार्यालयांत आहे. त्याच्या ओळींमधलं अंतर ऐसपैस आहे. आता अडचण अशी की एरिअलला लिबरेशन हा जुळा आहे, कॅलिब्रीला कार्लिटो आहे, पण फॉन्टकॉन्फिगच्या जोड्यांच्या यादीत मंगलसमोर कुणीच नाही. मग यंत्रणा हाताशी जो देवनागरी फॉन्ट असेल तो देते. एका संगणकावर लोहित होता, दुसऱ्यावर अपडेटबरोबर नोटो आला होता. प्रत्येकाची रुंदी वेगळी, ओळीची उंची वेगळी. एकाच छताखाली एका फाइलीची दोन रूपं यामुळे झाली होती.

कोषाध्यक्ष भले गृहस्थ. ते पेनड्राइव्ह घेऊनच आले. "माझ्या लॅपटॉपातून मंगल काढून आणलाय, टाक. कोण विचारतंय?" मी टाकला नाही. विंडोजबरोबर आलेला फॉन्ट वापरायची परवानगी त्या विंडोजपुरती असते, तो उचलून दुसऱ्या प्रणालीवर बसवायची नसते. वाचनालय ही अनुदान घेणारी सार्वजनिक संस्था आहे. आपण वाचकाला पुस्तकाची झेरॉक्स काढू देत नाही आणि फॉन्ट मात्र असा आणायचा, हे मला पटत नव्हतं. त्यांनाही पटलं, थोड्या चहानंतर.

मग विचाराची दिशाच उलटी केली. आतापर्यंत आम्ही आमच्या संगणकांनी विंडोजशी कसं जुळवून घ्यावं हे पाहत होतो. पण मुक्त परवान्याचा फॉन्ट कुणालाही देता येतो, कोषाध्यक्षांच्या विंडोजलाही आणि छापखान्यालाही. मग सगळ्यांनीच एका मोकळ्या फॉन्टावर का येऊ नये? मराठीसाठी आज निवडीला वाव आहे. लोहितची कथा तर आपल्या घरची. पुण्याच्या मॉड्युलर इन्फोटेकने, म्हणजे श्रीलिपीच्याच कर्त्यांनी, घडवलेला हा फॉन्ट रेड हॅटने २००४ मध्ये मोकळा केला. मुंबईच्या 'एक टाइप' या संस्थेचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट आहे, बारीक ते ठळक अशा सात वजनांत. गूगलचे नोटो आहेत, सान्स आणि सेरिफ दोन्ही. आणि टिरो देवनागरी मराठी आहे, जो मराठी वळणाचीच अक्षरं मुळात धरून चालतो.

मराठी वळण म्हणजे काय ते काकूंना सांगावं लागलं नाही. त्यांनीच सांगितलं. लोहितमधली स्मरणिका पाहून म्हणाल्या, "हा ल माझा नाही, हा हिंदीतला आहे. आणि श पण." डोळा तयार असतो तो असा. पाकळीचा ल आणि देठाचा श ही आपली रूपं. राज्य शासनाच्या ६ नोव्हेंबर २००९ च्या निर्णयातही त्यांचाच आग्रह आहे. गंमत अशी की लोहित देवनागरीत ती दोन्ही रूपं आहेत. फॉन्टच्या पोटात भाषेनुसार रूप बदलण्याची सोय असते आणि ती मजकुराला लावलेली भाषा पाहून चालते. स्मरणिकेच्या मजकुराची भाषा हिंदी अशी नोंदली गेली होती, कारण देवनागरी म्हटलं की अनेक ठिकाणी आपोआप हिंदी धरली जाते. सगळा मजकूर निवडून भाषा मराठी केली आणि पानापानावरचे ल आणि श डोळ्यांदेखत बदलले. फॉन्ट तोच, फाइल तीच. काकूंनी ते मला तीनदा करून दाखवायला लावलं.

हे करताना लिबरऑफिसमधला जो खड्डा लागला तो लिहून ठेवतो, कारण त्यात माझी एक संध्याकाळ गेली. लिबरऑफिस इंग्रजीसारख्या लिप्यांचा फॉन्ट आणि देवनागरीसारख्या लिप्यांचा फॉन्ट वेगवेगळा ठेवतं. दुसऱ्या गटाला ते कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट, म्हणजे सीटीएल म्हणतं. परिच्छेदाच्या शैलीत तुम्ही वरच्या रकान्यात फॉन्ट, आकार आणि भाषा बदललीत तर ती इंग्रजीची बदलते. मराठीवर ढिम्म परिणाम होत नाही. सीटीएलचा रकानाही दिसतोच असं नाही. पर्यायांत भाषांच्या पानावर जाऊन तो चालू करावा लागतो. एकदा हे कळलं की काम सरळ आहे. प्रत्येक शैलीत दोन्ही रकाने भरायचे आणि सीटीएलची भाषा मराठी ठेवायची.

शेवटी मजकुराला टिरो देवनागरी मराठी घेतला. त्याला ठळक वजन नाही. ठळकचं बटण दाबलं तर लिबरऑफिस अक्षर नुसतं फुगवतं आणि द्ध, ह्य, क्ष यांच्या पोटातल्या फटी बुजतात. म्हणून शीर्षकांना 'मुक्त' लावला आणि मजकुरात ठळक करायचंच नाही असं ठरवलं. ओळीतलं अंतर टक्क्यांत न ठेवता पॉइंटांत पक्कं बांधलं. टक्क्यांचं अंतर फॉन्टच्या स्वतःच्या उंचीवर ठरतं आणि फॉन्ट बदलला की पान हलतं. पॉइंटांत बांधलं की ओळीची उंची तरी कुणाच्याही संगणकावर तीच राहते. अनुक्रमणिका हाताने न लिहिता शीर्षकांवरून आपोआप तयार होणारी केली. दोन्ही फॉन्ट चारही मिंटवर आणि कोषाध्यक्षांच्या विंडोजवर बसवले. सगळीकडे ४८ पानं आली.

छापखान्याला फाइल देण्याचा प्रश्नच आला नाही. "पीडीएफ द्या, बाकी काही नको," असं मालकांचं म्हणणं होतं आणि ते अगदी रास्त आहे. पीडीएफमध्ये लागणारे फॉन्ट आत बसून जातात. पाठवण्याआधी मी चाचणीचं एक पान छापून घेतलं: शल्य, दर्या, दऱ्या, ॲटलस, ऑक्टोबर, वाङ्मय, सिद्ध, बाह्य, क्षत्रिय, ज्ञान, श्रम, वार्षिक, ₹. यांत काही तुटलेलं नसेल तर बहुधा कुठेच तुटलेलं नसतं.

राहिला तो परत आलेला फॉर्म. त्याची गोष्ट छोटी, पण धडा उलटा. वरच्या कार्यालयाकडून वर्डमधला मराठी फॉर्म येतो, भरून त्याच रूपात परत पाठवायचा असतो. काकूंना तो मिंटवर वेगळा दिसला म्हणून त्यांनी सगळा निवडून लोहित करून टाकला आणि पाठवला. तिकडे विंडोजवर लोहित नाही, मग तिकडच्या संगणकाने आणखी तिसराच फॉन्ट लावला आणि तक्ते मोडले. आपल्या पडद्यावर मंगलच्या जागी दुसरं काही दिसत असलं तरी फाइलीत मंगल हेच नाव असतं. ते तसंच राहू दिलं तर तिकडे गेल्यावर मंगलच लागतो. लिबरऑफिस फॉन्टच्या नावाच्या चौकटीत संगणकावर नसलेल्या फॉन्टचं नाव तिरप्या अक्षरांत दाखवतं. ते तिरपं नाव चूक नाही, निरोप आहे. आता काकू अशा फॉर्ममध्ये फक्त रिकाम्या जागा भरतात, फॉन्टला हात लावत नाहीत. आमच्याकडे तो निदान चारही संगणकांवर सारखा दिसावा म्हणून प्रत्येकावर देवनागरी फॉन्टांचा एकच संच ठेवला आणि फॉन्टकॉन्फिगच्या स्थानिक फाइलीत एक नोंद केली: मंगल मागितला तर नोटो सान्स देवनागरी द्यायचा. मापं जुळत नाहीत, पण निदान चौघांचं चुकणं सारखं आहे आणि परत जाणाऱ्या फाइलीला त्याने काही होत नाही.

स्मरणिका वेळेवर छापून आली. यादीतले पिवळे कप्पे मात्र तीनशेच्या वर निघाले. बहुतेक जुने इंग्रजी-मराठी कोश आणि दोन्ही भाषांतली नावं असलेली पुस्तकं. ते कुठल्याही परिवर्तकाने सुटणारे नाहीत. काकू रोज दुपारी वाचनकक्ष रिकामा असतो तेव्हा दाखल नोंदवही उघडतात आणि त्यातले पंचवीस रेमिंग्टनच्या कळांवर नव्याने टाइप करतात.